एकूण साडेनऊ तास

६ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

आशीर्वाद, खुशाली वगैरे सगळं पोचलं असं धर. फोन केला नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती 'हं हं' करते. कागदाला मध्येच तोडता येत नाही, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय.

काचकारखान्याच्या कँटीनमध्ये मी डाव हातात घेतला तेव्हा तू नववीत होतीस. म्हणजे एकोणीस वर्षं झाली. बाराच्या ठोक्याला भट्टीवरची एकशे चाळीस माणसं येतात आणि प्रत्येकाच्या ताटात मी तेच वाढते: भात, त्यावर घट्ट डाळ, उकडलेला बटाटा, एक अंडं आणि सगळ्यावर चमचाभर लोणी. माणसं ते छान कालवतात, बोटं चाटून खातात आणि सहा वाजेपर्यंत भट्टीच्या तोंडाशी उभी राहतात. तुझा दादा त्यातलाच एक. इतक्या वर्षांत कुणी ताटाला नाव ठेवलं नाही. मीठ कमी पडलं तेव्हा मला ठेवलं, ते वेगळं.

आता नवे मॅनेजर आलेत. गळ्यात सदा स्टॉपवॉच लटकवलेलं, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणतात. तोंडावर अर्थात नुसतं साहेब. माणूस वाईट नाही, पण मोजल्याशिवाय त्याला श्वाससुद्धा घेववत नाही. त्यांनी एक दिवस जेवणानंतर बाकांवर डुलक्या काढणारी माणसं मोजली. नऊ निघाली. झालं, कुठूनसा एक छापील तक्ता मागवला आणि माझ्या वाढायच्या खिडकीशेजारी खिळा ठोकून टांगला. त्यात प्रत्येक पदार्थ किती वेळात पचतो ते दिलंय. फळ अर्धा तास, बटाटा एक तास, भात दीड, डाळ दोन, अंडं दोन, लोणी तीन. शेवटी एक लाल रकाना आहे, 'एकूण'. साहेबांनी काडीने माझ्या ताटातले पदार्थ दाखवत बेरीज वाचली. साडेनऊ तास! म्हणाले, "बाई, पाळी आठ तासांची. ही माणसं तुमचं जेवण पोटात घेऊन घरी जातात आणि वाटेत आमच्या भट्टीसमोर झोपतात."

सोमवारपासून हुकूम असा: बाराला फळ आणि नुसता भात, तेही वेगवेगळ्या वाट्यांत, एकमेकांना शिवू न देता. डाळ, अंडं आणि लोणी सहा वाजता, पाळी सुटल्यावर.

मी म्हटलं, मी हे वाढणार नाही. ते म्हणाले, सोमवारपर्यंत विचार करा.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एका आहारसंस्थेचं नाव आहे. तीच, जिथे तू काम करतेस. तेव्हा माझं एक काम कर. असा तक्ता करणारा शहाणा कोण आहे ते शोध आणि त्याला विचार, बाबा, तू कधी भट्टीसमोर उभा राहिलायस का?

तुझी वहिनी

चिमणे, वहिनी गेले दोन दिवस भांडी आपटतेय. लवकर उत्तर दे, नाहीतर घरातलं एक भांडं धड राहणार नाही. — दादा


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तो शहाणा मी आहे.

तक्ता माझा आहे. वर्षभर खपून केलाय, अकरा कारखान्यांत गेलाय, आणि तो लाल रकाना तर माझी स्वतःची कल्पना. आधीच्या सगळ्या तक्त्यांत सुट्या पदार्थांचे वेळ असायचे. माणूस सुटे पदार्थ खातो का? ताट खातो. मग ताटाचा वेळ कुणीतरी काढायला नको? तो मी काढला. आमच्या संस्थेच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि एप्रिलपासून मला विभागातली वरची जागा मिळणार आहे. तुला फोनवर सांगणारच होते, पण तू 'हं हं' करतेस.

वहिनी, रागावू नकोस, पण तू अंदाजाने स्वयंपाक करणारी आहेस. हाताला येईल तेवढं मीठ, डोळ्याला दिसेल तेवढं पाणी. चव येते, मान्य. पण भरपूर जेवलं की डोळे जड होतात, हे तुझ्या बाकांवरच्या नऊ जणांनीच सिद्ध केलंय. हलकं जेवण लवकर पोटातून पुढे सरकतं आणि माणूस ताजा राहतो. यात तुझा अपमान कुठे आला? तुझा डाव कुणी हिसकावलेला नाही. डाळ सहा वाजता वाढायची, एवढंच.

मला वाटतं, तुला जेवणापेक्षा हुकूम झोंबलाय. दोन आठवडे धीर धर. आणि दादाला विचार. त्याला तरी बरं वाटत असेल, हलकं हलकं.

तुझी,
चिमणी


२४ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा खूप राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं आणि तिसऱ्यांदा तुझं ताट आठवलं.

मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. सासूबाई कामावर जायच्या, म्हणून तुला जेवू घालायचं काम माझ्याकडे. तुझ्या ताटात डाळ भाताला लागली की तू ताट लोटून द्यायचीस. बटाटा एका कडेला, भात दुसऱ्या कडेला, मध्ये बोटभर मोकळी जागा. आधी सगळा भात संपवायचा, मग डाळ वाटीने प्यायची, मग बटाटा. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. मी म्हणायचे, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं गं. तू म्हणायचीस, "माझ्या पोटात नाही होत." तेव्हा मी हसले होते. आता त्याच पोटावरून तू अकरा कारखान्यांचं जेवण ठरवलंस म्हटल्यावर हसायची चोरी झाली.

तुझी ती बेरीज. मी सातवीच शिकलेली, पण मला सांग, पाच जण एकाच रस्त्याने बरोबर निघाले, तर रस्ता पाचपट लांब होतो का? जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या चालीने सगळे जरा रमत पोचतात. बस्स. तू पाचही जणांना एकामागून एक चालायला लावलंस आणि पाचांचे तास जोडलेस.

आता माझा अंदाज ऐक. सोमवारी मी हुकूम पाळला. हो, पाळला, कारण मलाही बघायचं होतं. वाढायच्या खिडकीतून भट्टीची बाजू समोर दिसते. तिथे फुटक्या काचेचं पिंप असतं. हात चुकला, भांडं वाकडं आलं, की ते त्यात जातं. पूर्वी सहा वाजेपर्यंत जेमतेम अर्धं भरायचं. मी भिंतीवर खडूने रोजच्या रेघा मारायला लागले, दर फुटक्या भांड्यामागे एक. हलक्या जेवणाच्या पहिल्या दिवशी पिंप पाचला भरलं. चौथ्या दिवशी साडेचारला, आणि दुसरं पिंप आणावं लागलं. डुलक्या मात्र गेल्या, हे खरं. आता साडेबाराला कुणी झोपत नाही. त्याऐवजी अडीचला नळाशी रांग लागते, पोट पाण्याने भरायला. मुकादम खिशात साखर ठेवतो आणि भिंतीकडे तोंड करून खातो.

मी साहेबांना म्हटलं, या आणि माझ्या रेघा बघा. ते म्हणाले, "बाई, खडूच्या रेघांना मी आकडे म्हणत नाही."

मग गेल्या गुरुवारपासून मी हुकूम पाळायचं सोडलं. भातावर डाळ घालते, बटाटा घालते. अंडी आणि लोणी त्यांनी कोठीत कुलपात टाकलंय, नाहीतर तेही घातलं असतं. तुझ्या तक्त्याकडे पाठ करून वाढते.

घरी सगळं ठीक. दादा मजेत आहे.

तुझी वहिनी


१ मार्च

वहिनी,

मी पाच पानांचं उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात 'पोट म्हणजे रस्ता नव्हे' असं एक वाक्य होतं, ते मला फार आवडलं होतं.

आठ वर्षांच्या मुलीचं ताट तेहतीस वर्षांच्या बाईच्या तोंडावर मारायचं, हे बरं जमतं तुला. माझ्या तक्त्याशी माझ्या लहानपणाचा काय संबंध? हे वेळ मी पुस्तकांतून घेतलेत. पिंप लवकर भरतंय त्याला शंभर कारणं असतील. नवी काच असेल, नवी माणसं असतील. तुला मीच दिसले.

ठीक आहे. तीन दिवस मी तुझ्या माणसांसारखी जेवते. बाराला फळ आणि नुसता भात. वेळ लिहून ठेवते, खडूने नाही, पेनने. मग तुझं तोंड बंद होईल.

पण एक विचारायचंय. तुझ्या प्रत्येक पत्राखाली दादाची एक ओळ असते. तापात असला तरी असते. तू घर सोडून माहेरी निघालीस तेव्हासुद्धा तुझ्या पाकिटात त्याने चिठ्ठी घुसडली होती. या वेळी ओळ नाही. पाकीट उलटं करून झटकलं, तरी नाही.

'दादा मजेत आहे' हे वाक्य तू कधीच लिहीत नाहीस. तो मजेत असतो तेव्हा तू त्याची तक्रार करतेस.

काय झालंय, खरं सांग.

चिमणी


७ मार्च

चिमणे,

सांगणार नव्हते. तुझा दादा म्हणाला, तिला कळू देऊ नकोस, ती जेवायची नाही. पण तू ओळीवर बोट ठेवलंस, आता लपवून काय करू.

गेल्या महिन्यात एकोणीस तारखेला, बुधवारी, तीनला दहा कमी असताना, त्याचा हात भाजला. फुंकायच्या नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा होता. हात लटपटला, नळी कलली, आणि ती सावरायला त्याने नळी पुढे, तापलेल्या बाजूला पकडली. उजव्या मुठीत. सत्तावीस वर्षं ज्या माणसाने नळी कुठे धरायची ते दुसऱ्यांना शिकवलं, त्याने. मी खिडकीतून बघत होते. खडू माझ्या हातात होता.

डॉक्टर म्हणतात, तळवा भरून येईल, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही. घरी आला तेव्हा आधी म्हणाला, "भूक लागलीय गं." मला तेव्हा जे वाटलं ते मी लिहीत नाही. तुझ्या तक्त्याला मी त्या दिवशी खूप शिव्या दिल्या, आणि तो तुझा होता म्हणून रडलेसुद्धा.

म्हणून गुरुवारपासून मी हुकूम मोडला. आधीच्या पत्रात तुला अर्धंच सांगितलं होतं.

आता पुढचं ऐक. परवा साहेबांनी खिडकीत स्वतः उभं राहून माझ्या हातातला डाळीचा डाव अडवला. म्हणाले, नुसता भात वाढा. मी वाढला. मुकादमाने तो भात घेतला, वाटीतला भात पुन्हा पातेल्यात ओतला आणि बाकावर ताट पालथं घालून त्यासमोर हाताची घडी घालून बसला. त्याच्यामागून एकेक. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकशे एकोणचाळीस पालथी ताटं. साहेबांनी मोजली असतील. साडेबाराला सगळे उठले आणि उपाशीच भट्टीवर गेले, आणि त्या दिवशी भट्टीला कुणी हात लावला नाही, नुसते समोर उभे राहिले.

मला कागद मिळालाय. येत्या एकोणीस तारखेला वरच्या ऑफिसात चौकशी. एक तर लेखी माफी द्यायची, नाहीतर कँटीन सोडायचं. चिमणे, मी माफी लिहिणार नाही. एकोणीस वर्षांत मी फक्त एका गोष्टीची माफी मागितलीय, करपलेल्या डाळीची, आणि ती खरंच करपली होती.

तू यात पडू नकोस. तुझी बढती आहे. तू गप्प बस, माझं मी बघते. आणि ते तीन दिवसांचं जेवण सोड, उगाच आजारी पडशील.

तुझी वहिनी

(डाव्या हाताने लिहितोय, हसू नकोस) चिमणे, डाळ भातात कालव. — दादा


१३ मार्च

प्रिय वहिनी,

दादाची ओळ वाचली आणि जेवायला बसले. कालवून. पहिला घास रडत रडत घेतला. मग सगळं ताट गेलं.

आता मला शेवटपर्यंत बोलू दे.

तीन दिवस मी नुसता भात आणि फळ खाल्लं. पहिल्या दिवशी पावणेदोनलाच भूक लागली. दुसऱ्या दिवशी अडीचला मी प्रयोगशाळेत काचेची नळी भरत होते, ती हातातून सुटली आणि फुटली. मी त्या तुकड्यांकडे बघत उभी राहिले. ते खुर्चीत बसून लिहिणाऱ्या बाईचे हात होते. समोर भट्टी नव्हती.

चौथ्या दिवशी तुझं ताट केलं. पाचही पदार्थ, लोण्यासकट. मी असं कालवून कधीच जेवले नव्हते, आजवर सगळं वेगवेगळंच खात आले, हे तुला कधी सांगितलं नाही. बाराला दहा कमी असताना बसले. साडेबाराला डोळे जड झाले, दहाएक मिनिटं. त्यानंतर मी भुकेची वाट बघत बसले. ती साडेपाचला आली.

मग इस्पितळात पोटाची चित्रं घेणारे एक म्हातारे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे गेले. ते लोकांना जेवायला घालतात आणि दर तासाला मशीनखाली बसवून जेवण कुठे पोचलं ते बघतात. त्यांना तक्ता दाखवला. लाल रकान्यापाशी आले आणि चष्मा काढून हसले. म्हणाले, "पोट रांग लावून घेत नाही हो. सगळं एकत्र घुसळतं आणि थोडं थोडं पुढे सोडतं. नुसता भात तास-दीड तासात निघून जातो. त्याच भाताबरोबर डाळ, अंडं, लोणी आलं की पोट दार किलकिलं करतं आणि तोच भात चार तास पुरवून पुरवून जातो. साडेनऊ? साडेनऊ तास कुणाच्या पोटात?" मी म्हटलं, माझ्या. ते पुन्हा हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला.

तू बरोबर होतीस. पाच जणांना मी एकामागून एक चालवलं, कारण माझ्या ताटात ते तसेच चालायचे. पुस्तकात सुटे वेळ होते. बेरीज कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती माझी.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तक्ता अकरा ठिकाणी गेलाय. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती काढू, त्यात हा रकाना गुपचूप गाळू. आत्ता बोलशील तर तू वर जाणार नाहीस, आणि मीही तुझ्या बाजूने उभी राहणार नाही." मी म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत अकरा कारखान्यांतली माणसं काय खातील? त्यांनी खिडकी लावून घेतली. वाराही नव्हता.

वहिनी, मी गप्प बसले नाही. अकरा पत्रं लिहिली, माझ्या नावाने, माझ्या सहीने: 'एकूण' हा रकाना चुकीचा आहे, तो मी केला, तो तक्त्यावरून खोडावा, माणसांना एकत्र जेवण द्यावं. अकराही काल पोस्टात टाकली. आज माझं टेबल कोठीच्या खोलीत हलवलंय. इथे जुन्या फायली आणि एक बिनकाट्याचा वजनकाटा आहे. रजा मागितली तर नाकारली, म्हणून एकोणिसाला मला येता येणार नाही. पत्राची नक्कल सोबत जोडलीय. ती त्यांच्यासमोर ठेव. सगळं माझ्यावर ढकल. खरंच माझ्यावर आहे.

दादाचा हात मी तोडला असं मला वाटतं. हे मी एकदाच लिहितेय, त्यावर तू काही लिहू नकोस.

तुझी चिमणी


२२ मार्च

माझे चिमणे,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून आधी तेच लिहिते. हात तू तोडला नाहीस. चूक तुझी होती, आणि तू ती अकरा ठिकाणी कबूल केलीस. हात भाजला तो हट्टाने. आठ-दहा दिवस भिंतीवर रेघा होत्या आणि एका माणसाने त्यांच्याकडे बघायचं नाकारलं, त्या हट्टाने. आता या विषयावर माझ्याशी वाद घालू नकोस, तुझ्यापेक्षा मी जास्त वर्षं भांडतेय.

आता चौकशीचं.

वरच्या ऑफिसात लांब टेबल, टेबलामागे तीन जण, कडेला घड्याळसाहेब. मी कामाचीच साडी नेसून गेले, हाताला डाळीचा वास होता. मधले साहेब माझ्यासाठी आधीच एक कागद टाइप करून बसले होते. तुझं मूळ पत्र त्यांच्या पुढ्यात होतं. ते फार गोड बोलले. "बाई, गोष्ट मिटली. ही संस्थेतली मुलगी सगळं कबूल करतेय. तुमचं ताट तुम्हाला परत. तुम्ही फक्त इथे सही करा." कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, 'संस्थेतील सदर महिलेच्या चुकीमुळे अपघात घडला, कारखान्याचा दोष नाही, आणि हुकूम मोडल्याबद्दल मी दिलगीर आहे.'

मी विचारलं, सही केली की ताट आजपासून? म्हणाले, आजपासून. चिमणे, खोटं सांगत नाही, मी पेन हातात घेतलं. एकशे एकोणचाळीस माणसं खाली होती, आणि बारा वाजायला आले होते.

मग ते म्हणाले, "त्या मुलीला तुम्ही ओळखत नाही, मग वाईट कशाला वाटून घेता?"

मी म्हटलं, "ती माझी नणंद आहे. तिला मी भरवलंय."

घड्याळसाहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मी म्हटलं, "चूक तिची, हे तिने सांगितलं. हट्ट तुमचा, हे कोण सांगणार? या कागदात ती आहे, तुम्ही कुठे आहात?" मग मी त्यांच्या टाइप केलेल्या सगळ्या ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि खाली माझ्या अक्षरांत लिहिलं: 'हुकूम मोडला. पुन्हा मोडीन.' सही केली, तारीख घातली आणि स्वयंपाकघरात परत आले. जाताना घड्याळसाहेबांना म्हटलं, रेघा अजून भिंतीवर आहेत, पुसायच्या असतील तर तुम्हीच येऊन पुसा.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाराला ते आले, एकटे. भिंतीसमोर उभे राहून सगळ्या रेघा मोजल्या, दोनदा. मग खिडकीशी स्टूल ओढून सहा वाजेपर्यंत फुटक्या काचेच्या पिंपाकडे बघत बसले. मी डाळ घालूनच वाढत होते, लोण्याशिवाय. त्यांनी अडवलं नाही. चारच्या सुमाराला मी त्यांना ताट दिलं. "साहेब, खा, तिसऱ्यांदा नळाशी जाऊन आलात." ते म्हणाले, "मी सकाळपासून फक्त फळ खाल्लंय." मुद्दाम खाल्लं होतं. कालवून खाणं त्यांना जमेना, शेवटी मुकादमाने दाखवलं.

आज सकाळी कामावर गेले तर कोठीचं कुलूप नव्हतं. अंडी होती, लोणी होतं. कागद काही आला नाही. मला ठेवलंय की काढलंय हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. बाराला एकशे एकोणचाळीस ताटं वाढली. तुझा तक्ता भिंतीवर नव्हता, नुसता खिळा उरला होता. त्या खिळ्याला आता मी माझा डाव अडकवलाय.

बिनकाट्याच्या वजनकाट्याशेजारी बसून तू जास्त दिवस काढणार नाहीस हे मला माहीत आहे. त्यांनी माफी मागायला लावली तर काय लिहायचं ते तुला आता ठाऊक आहे. नाहीच जमलं तर इकडे ये. तुझं ताट वाढून ठेवीन, डाळ भातावरच असेल, आणि कडेला बोटभर जागा मागितलीस तर मिळणार नाही.

तुझी वहिनी

चिमणे, हे उजव्या हाताने लिहिलंय. वाकडं आलंय. तू ये. — दादा